परातीवरची टिकटिक

"वादळात फोन बंद पडले की गावाचे निरोप आम्हीच पोचवतो. सराव नको?" हॅम रेडिओपुढे बसताना भास्करराव रोज बायकोला म्हणत.

कुंदाताईंना ते पटेना. बाहेर आभाळ निरभ्र, आणि पलीकडे कारवारची कुणी बाई! तीही तोंडाने बोलत नाही, नुसती मोर्सची टिकटिक. त्यावर यांचं गालातल्या गालात हसणं. काळंबेरं नसेल तर दार कशाला लोटायचं?

त्यांनी माळ्यावरचं मोर्सचं जुनं पुस्तक गुपचूप काढलं. स्वयंपाकघरात परातीवर चमचा वाजवत एकेक अक्षर पाठ केलं. पण दाराला कान लावला की टिकटिक इतकी भरभर धावे, काही म्हणता काही हाती लागेना.

अलीकडे मात्र ती मंदावली होती. कुंदाताईंचा संशय आणखीच बळावला. लाडीगोडी सुरू झाली वाटतं!

आज प्रथमच अक्षरं सुटी ऐकू आली. भास्करराव पाठवत होते, "आणखी सावकाश. दाराआड बायको ऐकतेय. परातीवर शिकलीय, अजून कच्ची आहे."

कारवारहून तितकंच सावकाश उत्तर आलं, "मग त्यांना उभं का ठेवलंत?"

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.