घोड्यांना मनाई

दुधाचा टँकर इतक्या जवळून गेला, की घोडी आडवी उडाली. नेरिसनं लगाम आवळला, घोडीची, सेरेनची, मान थोपटली. टँकर वळणाआड गेला.

“बसलेल्या आहात ना अजून?” कुंपणापलीकडून आवाज आला.

“आहे की. तुमची निराशा झाली असेल.”

“झाली तर! धावत येऊन उचलायची संधी हुकली.”

हा गेथिन. पियानोचे सूर लावायचा, आता निवृत्त झालेला. जुन्या रेल्वेचे रूळ उखडून खाडीपर्यंत गुळगुळीत वाट केली होती, तिच्यावरून तो रोज सकाळी सायकलनं जाई. वाटेच्या तोंडाशी पाटी होती : घोड्यांना मनाई. म्हणून नेरिस शेजारच्या डांबरी रस्त्यानं, ट्रक आणि टँकर चुकवत जाई. मधे घोडीवरच्या नेरिसच्याही डोक्याहून उंच काटेरी कुंपण.

त्या कुंपणाआडून दोघं कितीतरी हिवाळे बोलत आले होते. वारलेल्या बायकोच्या लांबलेल्या दुखण्याबद्दल तो बोलला होता. नवरा गेल्यापासून एकटीपुरता स्वयंपाक अजून जमत नाही, हे तिनं फक्त त्यालाच सांगितलं होतं. दुकानात समोरासमोर आले, की मात्र दोघं नुसती मान हलवत. पुढे रस्ता डोंगराकडे वळे आणि त्याचा आवाज सरळ समुद्राकडे निघून जाई. वळणावर घोडी थांबवून नेरिस उगाच कान देऊन राही.

टँकरच्या त्या प्रसंगानंतर तिनं पाटी काढण्याची मागणी लावून धरली. गावाच्या सभागृहात सभा भरली.

“लीद कोण उचलणार?” एकानं विचारलं.

“मी उचलीन,” नेरिस म्हणाली. “पण उद्या मी टँकरखाली आले तर मला कोण उचलणार?”

मग मागच्या रांगेतून गेथिन उठला. त्याचे कान लाल झाले होते. “रस्त्याची भीती वाटते म्हणून आपण सायकलवाल्यांनी ही वाट मागून घेतली. घोड्यावरच्या माणसाला काय भीती नसते? मी रोज पलीकडून ऐकतो. एक दिवस मी हाक मारीन आणि उत्तर येणार नाही. मग ही वाट घेऊन मी काय करू?”

हात वर होत गेले. वसंतात पाटी निघाली.

पहिल्या सकाळी नेरिस वाटेवर आली तेव्हा गेथिन सायकल धरून उभा होता. दाढी घोटलेली, गळ्यात टाय.

“हवा बरी आहे,” तो म्हणाला.

“बरी आहे.”

दोघं शेजारी शेजारी निघाले. तिच्याकडे बघायला त्याला मान वर करावी लागे. तिला वरून त्याची टोपी तेवढी दिसे. तिनं काहीबाही विचारलं, त्यानं ‘हो’ म्हटलं. पुन्हा सगळं गप्प. एवढं बोलणारा तो माणूस गेला कुठे? तिला त्या आवाजाची आठवण येऊ लागली, आणि आवाजाचा धनी तर शेजारीच पायडल मारत होता.

दूरवर खाडी चमकली. समुद्राच्या वाऱ्यानं सेरेनचे कान टवकारले, ती लगाम ओढू लागली.

“दौडा की तुम्ही,” गेथिन हँडलकडे बघत म्हणाला. “यासाठीच तर एवढं भांडलात. माझ्यासाठी अडू नका.”

नेरिसनं घोडी थांबवली. रिकिबीतून पाय काढला आणि खोगिराला धरून, दात आवळत, खाली उतरली. गुडघे ठणकले. लगाम मनगटाला गुंडाळून ती वाटेवर उभी राहिली. तोही गडबडीनं सायकलवरून उतरला. पहिल्यांदाच त्याचे डोळे इतक्या जवळून तिच्या डोळ्यांसमोर आले. करडे होते.

“अहो, हे काय केलंत! तुमच्या गुडघ्यांनी...” तो गांगरला. “पाय ठेवायला चौथरा असल्याशिवाय घोडीवर चढता येत नाही ना तुला? इथं समुद्रापर्यंत कुठंही चौथरा नाही.”

“ठाऊक आहे रे,” नेरिस म्हणाली.