पितळी झडप

"लागतंय का?" खंडोजीनं बॉनेटमधून डोकं न काढताच विचारलं.

रघुपतीनं स्टिअरिंगखालच्या पत्र्याच्या डब्यापुढं हात धरला. "उभी असताना स्वल्प कोमट लागत होतं, अण्णा. तुमकूर रस्त्याला पळवली, तर तेही गेलं. पायांवर नुसतं गार वारं येतंय बघा."

खंडोजी चरफडला. बंगळुरात जन्म गेला, पण गाडीत हीटर बसवायची पाळी कधी आली नव्हती. इथं लोक येतात ते गाडी थंड कशी राहील हे विचारायला. पण सन बासष्टचा नोव्हेंबर होता. रेडिओ रोज उत्तरेकडचं एखादं ठाणं गेल्याचं सांगत होता. मिलिटरीनं आपल्या जुन्या जीपगाड्या मिळेल त्या गॅरेजात आणून टाकल्या होत्या. इंजिन करा, हीटर बसवा आणि द्या. खंडोजीच्या गॅरेजातून निघालेल्या सगळ्या कालच यशवंतपूरला मालगाडीवर चढल्या. मागं राहिली ती ही एक. दुपारी तीही चढणार होती, आणि तिच्याबरोबर मिलिटरीत ड्रायव्हर असलेला त्याचा एकुलता एक मुलगा रघुपतीही. थेट लडाखात.

"पायाची बोटं काळी पडतात म्हणे तिथं," कावेरी म्हणाली. खंडोजीची बायको ती, सकाळपासून गॅरेजच्या दारात ठाण मांडून बसली होती. "कापून टाकावी लागतात. अहो, एवढं एक यंत्र तुम्हाला धड करता येईना होय?"

"गप बस की जरा! करतोय ना!"

रघुपती वर्दी चढवायला मागं घरात गेला. खंडोजी पुन्हा वाकला. नळ्या धुऊन झाल्या होत्या, गाडीचं तोंड चढावर लावून अडकलेली हवा काढून झाली होती, पंखाही झकास फिरत होता. मग दुखणं कुठं होतं? त्यानं इंजिनाला हात लावला, भाजायच्या तयारीनंच. हात भाजला नाही. एवढी पळवून आणलेली गाडी, आणि इंजिन जेमतेम आंघोळीच्या पाण्याइतकं गरम. इंजिनच तापत नसेल तर हीटरनं गरम वारं आणायचं कुठून?

आणि मग खंडोजीला आठवलं.

इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी एक पितळी झडप असते, थर्मोस्टॅट. घाटात गाडी उकळू नये म्हणून बंगळूरचा मिस्त्री गाडी हातात आली की आधी ती काढून फेकतो. त्याला कुणी सांगावं लागत नाही. खंडोजीनं जन्मभर तेच केलं होतं, आणि 'खंडोजीच्या हातची गाडी तापत नाही' असं लोक म्हणाले की मिशीला पीळही दिला होता. या जीपांच्या झडपाही त्यानं सवयीनं काढून टाकल्या होत्या. एकूण एक. भर उन्हात, उभ्या गाडीत हीटर लावून पाहिला, कोमट लागला, झालं. झडपा भंगारवाला कधीच घेऊन गेला होता, आणि नव्या मिळायच्या तर त्या परदेशातून यायला हव्यात.

मालगाडीवरच्या जीपांची रांग त्याच्या डोळ्यांसमोर आली. त्यानं मान झटकली. आधी आपलं पोर. बाकीचं मग बघू.

कोपऱ्यात चिकमगळूरच्या एका मळेवाल्याची कोरी करकरीत स्टेशन वॅगन पहिल्या सर्व्हिसिंगला आली होती. इंजिन जीपचंच. गिऱ्हाइकाच्या गाडीचा साधा स्क्रू खंडोजीनं आजवर इकडचा तिकडं केला नव्हता. त्यानं पाना उचलला आणि तिची झडप काढून घेतली.

"कावेरी, स्टोव्हवर पाणी ठेव. चांगली उकळी फुटू दे."

"आत्ता कसला चहा?"

त्यानं उकळत्या पाण्यात झडप सोडली. झडपेनं हळूच तोंड उघडलं. बाहेर काढल्यावर मिटून घेतलं. "सरी, ठीक चालतेय," तो पुटपुटला आणि भराभरा कामाला लागला.

रघुपती वर्दीत आला, गाडी घेऊन गेला आणि परत आला तो घामाघूम होऊन. "अण्णा, भट्टी आहे हो भट्टी! काय झालं होतं?"

"काही नाही. बारीकशी वस्तू राहिली होती." खंडोजीनं त्याच्याकडं बघितलं नाही.

कावेरीनं हीटरपुढं तळवा धरला, आणि तिला रडूच फुटलं. "आता नाही माझं पोर गारठायचं." तिनं बॉनेटला कुंकू लावलं, मग मुलाला.

खंडोजीनं गाडीचं दार घट्ट धरलं. "रघू, हीच चालवायची. काही झालं तरी दुसरीत बसायचं नाही. कळलं?"

रघुपती हसला. "तसं कुठं असतं, अण्णा? तिकडं उतरलं की साहेब गाड्या वाटून देतो. ही कुणाच्या वाट्याला जाईल, काय सांगावं."

"मग तू माग की. हीच पाहिजे म्हण."

"असं मागून मिळत नाही. आणि मागायचं तरी कशाला? सगळ्या गाड्या तुमच्याच हातच्या. कुठली का मिळेना, मला कसली काळजी!"

खंडोजीनं तोंड उघडलं. सांगितलं, तर पोर भीती उराशी घेऊन जाणार. नाही सांगितलं, तर...

"ऐकलंत ना?" कावेरी डोळे पुसत म्हणाली. "आता तरी हसा. निघताना पोरानं तुमचं असलं तोंड बघायचं होय?"

आणि खंडोजी हसला.