बाराचा भोंगा

चक्रीवादळाचा इशारा टीव्हीवर दाखवणारं यंत्र बसवण्यातून वर्लिनला अखेर सूट मिळाली होती. नेब्रास्कातल्या त्या टीचभर गावाला तोच केबल पुरवायचा.

"सरकारला कळवलं, आमच्या गावचा वादळाचा भोंगा मेलेल्यालाही उठवतो, मग हे महागडं लोढणं कशाला?" हॉटेलात कॉफी ढवळत तो ऐटीत सांगत होता.

बाहेर वारा एकदम पडला आणि वादळाआधी होतं तसं आभाळ हिरवट झालं. वर्लिनने घड्याळाकडे पाहिलं.

"ऑर्विल, आठवड्याच्या चाचणीचा बाराचा भोंगा आज ऐकला नाही रे."

"ऐकशील कसा? गंजला होता, सोमवारी उतरवला," अग्निशमन दलाचा प्रमुख ऑर्विल म्हणाला. "म्हटलं, नवा कशाला घ्यायचा? घरोघरी तुझी केबल आहे की."


दोघांची नजर एकदमच कोपऱ्यातल्या टीव्हीकडे गेली. तिथे एक बाई निवांतपणे केकवर साखर भुरभुरत होती.