बोर्डावरचा सेल

आत्यानं साठीत दुसरं लग्न केलं, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात हसावं की रडावं कुणाला कळत नव्हतं, कारण दादाला जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते.

रोज सकाळी सातला दादाच्या खोलीतला कॉम्प्युटर आपोआप चालू व्हायचा. पंखे घरघरत उठायचे. आई चहाचा कप घेऊन दारात उभी राहायची आणि आवाज स्थिरावला की मुकाट्यानं परत जायची.

भुताटकी नव्हती. फुप्फुसं निकामी होत आली, तेव्हा दादाला वाकून टेबलाखालचं बटण दाबवत नसे. म्हणून त्यानंच ती वेळ कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डात, म्हणजे मदरबोर्डात, लावून ठेवली होती. धाकट्या बहिणीला हे ठाऊक होतं. तरी सातच्या आधी तिला जाग यायचीच, आणि ती अंथरुणात कान देऊन पडून राहायची.

कॉम्प्युटर आता तिच्याकडे आला होता. बांधायच्या घरांची चित्रं ती त्यावर तयार करून द्यायची, आणि घर त्यावरच चालायचं. पण चित्र पुरं होत आलं की पडदा थिजायचा. एक गिऱ्हाईक तुटलं होतं, दुसरं तुटायच्या बेतात होतं. नवा घ्यायची ऐपत नव्हती.

"ग्राफिक्स कार्ड मधलंच घ्यायचं, मदरबोर्ड जरा बरा घ्यायचा, आणि उरलेला वेग आपण पिळून काढायचा," दादा म्हणायचा. तसाच त्यानं तो मूळच्यापेक्षा जास्त पिळला होता, आणि त्या ताणानंच आता पडदा थिजत असावा. धाकटीनं कार्डाचा वेग उतरवून पाहिला, तरी थिजणं थांबेना. बाकीचा वेग बोर्डात वाढवलेला होता, पण तिथं काही बदलायला त्यानं पासवर्ड घातला होता, आणि तो त्याच्याबरोबरच गेला.

सुटे भाग विकणारा दादाचा मित्र म्हणाला, "बोर्डावरचा तो चपटा सेल काढ, थोड्या वेळानं परत बसव. त्यानं लावलेलं सगळं पुसलं जाईल."

"सगळं?"

"सगळं. त्याचा हट्टीपणासुद्धा." तो हसला, आणि मग उगाचच समोरचे सुटे भाग आवरायला लागला.

आई आत्याकडे गेली त्या दुपारी धाकटीनं सेल काढला. कोटाच्या बटणाएवढा. मुठीत धरून ती बराच वेळ बसली, मग परत बसवला. संध्याकाळी चित्र कुठंही न अडता पुरं झालं. त्या आनंदात ती एक गोष्ट विसरली.

दुसऱ्या दिवशी सात वाजले. खोली गप्प. आई दारात थांबली, मग आत जाऊन दादाच्या खुर्चीत बसली. चहावर साय धरली तरी उठेना.

"आई, अगं..."

"काही बोलू नकोस."

आई आंघोळीला गेल्यावर धाकटीनं सातची वेळ पुन्हा लावली. वेग मात्र मूळचाच राहू दिला. लावताना, आपण त्याचा आवाज काढून आईला हाक मारतोय असं तिला वाटलं.

पुढच्या सकाळी पंखे सुरू झाले. अगदी हळू, जेमतेम ऐकू येतील इतके. आई कान देऊन उभी होती.

"तू लावलंस ना?" तिनं मागं न वळता विचारलं.

धाकटी दारापर्यंत आली.

"खुळी नाहीये गं मी. वेळ लावण्याची करामत आहे, पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे मला."

"मग रोज चहा कशाला आणायचीस?"

आईनं आत जाऊन कप टेबलावर ठेवला आणि थोडी वाकली.

"ऐक," ती म्हणाली. "आज धाप लागत नाहीये त्याला."

दादा उन्हाळ्यात गेला होता. आई त्याच वर्षी, थंडी पडायला लागली तेव्हा गेली.