ललित सरांसाठी चार पावलं

राजापेठच्या चौकात पदयात्रा जरा थांबली तेव्हा नीलमने पहिल्यांदा मागे वळून पाहिलं, आणि तिचा ऊर भरून आला. शेवटची माणसं दिसतच नव्हती.

"संध्ये, पाह्य तं मागं," ती म्हणाली. "किती लोकं आली ललित सरांसाठी!"

संध्याने पाहिलं. "तुह्यामुळंच झालं हे सारं," ती म्हणाली आणि पुन्हा चालू लागली.

ते खरंच होतं. ललित सर म्हणजे संध्याचा नवरा. राजापेठेत नीलमचं ब्युटी पार्लर, आणि वरच्या मजल्यावर सरांचे गणिताचे क्लास. वर्षभरापूर्वी सरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि क्लासला कुलूप लागलं. आता येत्या सोमवारी नागपूरला ऑपरेशन होतं. त्याचा खर्च क्लासवाल्याच्या आवाक्यातला नव्हता, म्हणून ही पदयात्रा. कल्पना नीलमची. टी-शर्टवर सरांचा फोटो तिने छापून घेतला, पोलिसांची परवानगी तिने आणली, दानपेट्या तिने फिरवल्या. वरूडहून भावाच्या बगीच्यातली संत्रीही तिनेच मागवली, चालणाऱ्यांना वाटायला. दुसऱ्याच्या दुःखात चालायला अमरावतीकर मागे हटत नाही. वाटेत खायला काही असलं तर मुळीच नाही.

किडनी संध्या देणार होती. सरांच्या आईला साखरेचा आजार, भाऊबहीण कोणी नाही. संध्याच्या तपासण्या जुळल्या त्या दिवशी नीलमने अंबादेवीची ओटी भरली. त्याआधी ती स्वतःच द्यायला निघाली होती, पण डॉक्टरांनी हात जोडले. "घरचं नातं लागतं ताई, मैत्रिणीचं चालत नाही." तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात बसून नीलम ढसाढसा रडली होती. संध्यानेच तिला पाणी पाजलं होतं.

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका बाईने दोघींच्या हातावर एकेक संत्रं ठेवलं. संध्या ते चालता चालता सोलू लागली.

"यांले सोडून साऱ्या जगाले चालते हे," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात पोटॅशियम भलतंच वाढलं यांचं. डॉक्टर मलेच बोलले. म्हने, कोनीतरी चोरून संत्री चारून राहिलं पेशंटले."

"अवो बाई! कोन?"

"काय मालूम. मी तं दिवसभर दर्यापूरले, शाळेत."

नीलमने हातातलं संत्रं पर्समध्ये टाकलं. संध्या शाळेत शिकवायला गेली की सरांना डायलिसिसला नेण्याचं काम तिचंच होतं. सगळी राजापेठ तिचं कौतुक करायची. आता वऱ्हाडात आजाऱ्याजवळ रिकाम्या हाताने कोणी जातं का? आणि संत्र्याने माणसाचं वाईट होतं हे वरूडच्या मुलीला पटायचं कसं? सर लहान मुलासारखे हट्ट करायचे, एकच फोड दे म्हणायचे, आणि तिला नाही म्हणवत नसे. सांगून टाकावं असं एकदा मनात आलंही. पण ही वेळ नव्हती. एकदा सोमवार पार पडू दे, मग सांगू, संध्या समजून घेईल, असं तिने ठरवलं.

"भेव तं नाही ना वाटत, सोमवारचं?" तिने विषय बदलला.

"कायचं भेव?"

"नाही, पोट चिरायचं म्हंजे..."

"मले आता कायचंच भेव नाही वाटत," संध्या म्हणाली आणि सोललेलं संत्रं नीलमच्या हातात दिलं. "घे, खा. सकाळपासून उपाशी आहेस तू."

नेहरू मैदानावर मंडप टाकला होता. तोंडाला मास्क लावून, शाल पांघरून ललित सर स्टेजवर बसले होते. वर्षात माणूस निम्मा झाला होता. बघणाऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. सरांची शाल खांद्यावरून घसरली, तशी नीलम चटकन पुढे झाली, मग थबकली आणि तिने संध्याकडे पाहिलं. संध्याने मानेनेच हो म्हटलं. नीलमने शाल सारखी केली.

निवृत्त हेडमास्तर खुशालराव अध्यक्ष होते. माईक हाती लागला की ते सहसा परत देत नसत, पण आज त्यांनी थोडक्यात आटोपलं.

"लोकहो, अशी बायको भेटाले पुण्याई लागते," ते म्हणाले. "अन् अशी मैतरीन भेटाले त्याहून मोठी! या पोरींनो, या समोर. हात वर करा दोघीबी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. संध्याने नीलमचा हात घट्ट धरला आणि उंच धरून उभी राहिली. फोटोवाले पुढे धावले. नीलमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एवढं सुख तिला कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. सर वाचणार होते.

"काल नागपूरले फोन केला मी," संध्या हळूच म्हणाली. चेहऱ्यावर हसू तसंच होतं. "किडनी देत नाही म्हनून सांगून टाकलं."

नीलमचा हात खाली येऊ लागला. संध्याने तो येऊ दिला नाही.

"संध्ये, असं काऊन करतेस?" नीलमच्या तोंडून कसंबसं निघालं. "मरन ना वं माहा ललित!"

खाली अजून टाळ्या चालूच होत्या. संध्या फोटोवाल्याकडे बघत आणखी जरा हसली.

"नवरा तं नेलाच तुनं," ती म्हणाली. "आता किडनीबी मीच देऊ काय?"