किरकोळ

हर्षाली सातव्या महिन्यात जन्मली, तेव्हा तिच्या मेंदूत थोडा रक्तस्राव झाला होता. "किरकोळ आहे, विसरून जा," असं डॉक्टर म्हणाले आणि घरातले सगळे खरंच विसरले.

तिसरीत गेली तरी तिला शर्टाची बटणं लावता येत नव्हती. फळ्यावरचं निम्मं उतरवून होईपर्यंत बाई फळा पुसून टाकायच्या. घरी वडील, हिरामण, पाठीत धपाटा घालून म्हणायचे, "डोकं चांगलं चालतंय हिचं, मुद्दाम करते." आई ललिता सिन्नरच्या प्रत्येक दवाखान्यात जन्माच्या वेळचं सांगायची. उत्तर एकच मिळायचं, "किरकोळच होतं ना, मग?"

शेवटी नाशिकला, द्वारका चौकाजवळच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला तासभर खेळवलं, लिहायला लावलं.

"त्या रक्तस्रावाचाच परिणाम असू शकतो. हातांची बारीक कामं आणि लक्ष देणं तिला जड जातंय. सराव बरीच वर्षं करावा लागेल."

"मी एवढी वर्षं दुसरं काय सांगत होते?" ललिता हिरामणकडे वळून संतापाने म्हणाली.

हर्षालीचा चेहरा मात्र उजळला होता.

"ऐकलं ना पप्पा? मी मुद्दाम नव्हते करत."