सोटमूळ

“एका रोपासाठी एवढा खोल खड्डा खणलात म्हणे?” दारात उभ्या हवालदाराने विचारलं.

“पेकान आहे ते,” बागवाला शांतपणे म्हणाला. “अक्रोडाच्या भावकीतलं झाड. वर वीतभर दिसलं तरी खाली सोटमूळ दोन हात गेलेलं असतं. खड्डा उथळ पडला की मूळ मुडपतं आणि झाड जन्मभर खुरटं राहतं.”

उत्तर चोख होतं. जरा जास्तच चोख. खरं बोलणारा माणूस अडखळतो, असा हवालदाराचा जुना आडाखा होता.

त्याच्या मागे दोन शिपाई होते, आणि बागवाल्याची मेहुणी, बायकोची मोठी बहीण. सकाळी ठाणं उघडायच्या आत ती पायरीवर येऊन बसली होती. धाकटीचा महिनाभर पत्ता नाही, आणि तिच्या नवऱ्याने बागेत खोल खड्डा खणून रोप लावलंय. नवरा म्हणतो माहेरी गेली. आणि आई-वडील गेल्यापासून तिला माहेर म्हणजे माझंच घर, एवढंच तिने सांगितलं होतं.

“बायको कुठे आहे तुमची?”

“भांडून गेली. कुठे ते ताईंना विचारा.”

“मला ठाऊक असतं तर तुमच्या दारात पाय कशाला ठेवला असता?” मोठी म्हणाली. मग हवालदाराकडे वळली. “साहेब, तेवढा कुत्रा बांधायला सांगा. मला धडकी भरते.”

कुत्रा बागेच्या टोकाला नेऊन बांधला गेला. हवालदार घरात शिरला.

दाराशी बायकी चपला होत्या, त्यांवर धूळ बसलेली. कपाटात कपडे जिथल्या तिथे. कंगव्यात अजून केस अडकलेले.

“अनवाणी गेली म्हणायची.”

“रागाच्या भरात माणूस काय घालतो, काय नाही, याचं भान असतं का?”

 हवालदाराचं लक्ष दारांकडे होतं. या घरात प्रत्येक खोलीला कडी बाहेरून होती. माडीवरच्या खोलीला तर कुलूप. ते उघडायला लावल्यावर आत पलंगावर एक लहान मुलगी दिसली.

“पोरीला कोंडून ठेवलंत?”

“बागेत विहीर आहे. फार अवखळ आहे ती.”

ती अवखळ पोर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मावशीला बघूनही उठली नाही. आधी तिने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मोठीने तिला जवळ घेतलं, केसांवरून हात फिरवला, कानाशी काहीतरी पुटपुटली.

“काय सांगितलंत तिला?” बागवाल्याने विचारलं.

“घाबरू नकोस म्हटलं. एवढंही म्हणायची चोरी आहे का?”

कुठेतरी पाणी मुरतंय, याबद्दल हवालदाराला आता शंका उरली नव्हती. बाहेर पडताना बागवाला पुन्हा कुलूप घालू लागला, तेव्हा हवालदाराने हात पुढे केला.

“किल्ल्या इकडे. माझी पाहणी संपेपर्यंत घरातलं एकही दार लावायचं नाही.”

बागेत पेकानची जुनी झाडं ओळीने उभी होती. नवं रोप पार मागच्या कोपऱ्यात होतं.

“नेमकं इथेच का लावलंत?”

“जुनी सगळी एकाच जातीची आहेत. त्यांचा पराग उडतो तेव्हा त्यांचीच मादी फुलं तयार नसतात. शेजारी दुसऱ्या जातीचं झाड असलं की फळ भरपूर धरतं.”

“आणि हे लावलं कधी?”

“झाला असेल महिना.”

मोठीने हवालदाराकडे पाहिलं. हवालदाराने शिपायांकडे.

पहिली कुदळ पडली आणि बागवाल्याचा आवाज पहिल्यांदा चढला. “मूळ तुटेल! मूळ तुटलं की झाड गेलं! अक्कल आहे का तुम्हाला?”

“रोपासाठी जीव तुटतोय,” हवालदार म्हणाला. “बायकोसाठी नाही तुटला तो?”

 माती वर येत राहिली. थोड्या वेळाने बागवाल्याने घराकडे पाहिलं आणि पाऊल उचललं.

“पोर एकटी आहे. बघून येतो.”

हवालदाराने त्याचं मनगट पकडलं. गुन्हेगार पळायला बघतो तो नेमका अशाच वेळी. “इथून हलायचं नाही. आता काय निघतं ते तुमच्या डोळ्यांदेखत निघू दे.”

“आणखी खाली खणा,” मोठी म्हणाली.

शिपायांनी खणलं. सोटमूळ कट्कन तुटलं. त्याखाली पिवळा, घट्ट मुरूम लागला, कुदळीला दाद न देणारा. तिथे आजवर कुणाचा हात पोहोचलेला नव्हता.

खड्ड्यात काहीही नव्हतं.

हवालदाराचे कान तापले. बागवाल्याने तुटकं रोप उचललं. “वरपर्यंत जाईन मी,” तो दातओठ खात म्हणाला. “नोकरी घालवीन तुमची.”

“चूक माझी आहे,” मोठी म्हणाली. “साहेबांना बोल लावू नका.” एवढं होऊनही तिच्या आवाजात ना राग होता, ना रडू.

बागवाला तरातरा घराकडे गेला. पाठोपाठ आरोळी ऐकू आली. हवालदार धावत माडीवर पोहोचला. खोली रिकामी होती. बागवाला तसाच झेप घेऊन खाली गेला. पोरीच्या नावाने ओरडत तो पलंगाखाली, न्हाणीत, माळ्यावर शोधू लागला.

हवालदार खिडकीशी आला. कुंपणापलीकडे, थांब्यावर बस उभी होती. पोरीला कडेवर घेऊन एक बाई बसची पायरी चढत होती. पोरीने दोन्ही हातांनी तिच्या गळ्याला मिठी मारली होती. बाईने मान वळवून एकदा घराकडे पाहिलं. मोठीचंच नाक, मोठीचीच हनुवटी, फक्त वय कमी. सकाळपासून तो जिला मातीखाली शोधत होता, ती.

खालून बागवाल्याची पावलं पुन्हा जिना चढू लागली.

मोठी हवालदाराच्या शेजारी येऊन उभी राहिली होती.

“साहेब,” ती हळूच म्हणाली, “बस सुटेपर्यंत खिडकी जरा लावून घेता का?”